आधणापुरती आच

किनलोखलेवनला तंबू उभा राहीपर्यंत
वाऱ्याने दोनदा दिशा बदलली.
केतकी म्हणाली, बाबा, चहा.
मी म्हणालो, आधी त्याच्याकडे पाठ करून बसायला शीक.

एकतीस वर्षं बॉयलर सांभाळले मी,
आधी खोपोलीत, मग फाइफमधल्या कागद गिरणीत,
वाफ कुठे गळते ते हाताच्या पाठीने ओळखायचो.
आता मुठीएवढी शेगडी, खाली शंभर ग्रॅमचा डबा,
चार रात्री, दोन माणसं.
तिची आई म्हणायची,
हा माणूस बोलतोसुद्धा वजन करून.

तर बघ.
ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर गेली
की ती आपली नाही, डोंगराला दान.
शेगडी घोंघावायला लागली की नॉब मागे घे,
मांजर झोपेत करतं तेवढाच आवाज पुरे.
झाकण ठेव.
उचलून बघू नकोस, कानाने बघ.
आणि खळखळ उकळी हवीच कशाला?
पत्तीला धग लागते, तमाशा नाही.

मसूर सकाळीच डबीत भिजत घातलेले,
दिवसभर माझ्या पाठीवर बसून आले,
नऊ मैलांनी निम्मे शिजवले.
एक कढ आला की बंद.
पुढचं काम जुन्या लोकरी टोपीचं:
भांडं तिच्यात घालायचं, पंधरा मिनिटं विसरायचं.
आग नाही, तरी शिजणं चालू.

आडोसा तीन बाजूंनी. चौथी मोकळी सोड,
डबा तापता कामा नये, अधूनमधून हात लावून बघ.
बाकी काहीही चुकलं तरी चहा होतो,
हे चुकवायचं नाही.

रात्री डबा झोपेच्या पिशवीत, पायाशी.
गारठ्यात गॅस आळसावतो.
केतकी अंधारात म्हणाली,
माझे पाय बर्फ झालेत
आणि पांघरूण डब्याला!

कपडे वाळवायच्या खोलीत एक खोकं आहे.
पुढे निघून गेलेल्यांनी त्यात टाकलेले डबे,
कुणाचा अर्धा, कुणाचा घोटभर.
लोक हलवतात, कानाशी धरतात, परत ठेवतात.
तळाची व्यवस्था बघणारी इशबेल म्हणाली,
आत किती उरलंय कळत नाही ना,
म्हणून कुणी नेत नाही.

मला राहवलं नाही.
बेसिन भरलं, एकेक डबा पाण्यात सोडला.
रिकामा डोलतो,
भरलेला गळ्यापर्यंत बुडून गंभीर होतो.
पाण्याची रेघ बघून काळ्या मार्करने लिहीत गेलो:
दोन चहा.
एक भात.
अर्धा कप, एकट्याला.
अंडं, वारा नसेल तर.
केतकी प्रत्येकाखाली इंग्रजीत लिहीत होती.

बाराव्या डब्याला ती थांबली.
बाबा, मी नोकरी सोडली. मार्चमध्येच.
मे संपत आला होता.
डबा बेसिनमध्ये हळूहळू फिरत राहिला,
मी रेघ बघत राहिलो.
काहीतरी बोलायला हवं होतं, मोठं, खूप,
तोंडातून निघालं, किती पुरेल?
सहा महिने, ती म्हणाली. जपून.
मी म्हणालो, वारा नसेल तर.
ती इतकी हसली की मार्कर पाण्यात पडला.

तेरावा डबा आम्ही ठेवून घेतला.
बाहेरच्या बाकावर, दोघांच्या मध्ये शेगडी,
आडोसा घडी करून खिशात.
ती सांगत होती. मी विचारत होतो,
मधूनमधून, न मोजता.
नॉब तिने पूर्ण उघडला होता
आणि मी तो मागे घेतला नाही.

इशबेल दिवे मालवायला आली, बघून थबकली:
अहो, भांडं ठेवायचं विसरलात की काय?